गुरुवारी न चालणारं जहाज

२०२३ सालच्या उन्हाळ्यात रहाटणीतल्या एका चारमजली सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या इंदुताईंच्या दाराबाहेर संध्याकाळ झाली की चपलांचा ढीग पडायचा. त्यात कंपनीतून थेट आलेल्यांचे जड बूट असत, म्हाताऱ्यांच्या रबरी सपाता असत, थेरगावाहून रिक्षा करून आलेल्या बायकांच्या चमचमत्या चपला असत. आत हॉलमध्ये माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, मागचे उभे, त्यांच्याही मागचे गॅलरीत. आणि सगळ्यांची तोंडं कोपऱ्यातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे.

टेबलासमोरच्या खुर्चीवर माणूस नव्हता, हार घातलेला फोटो होता. फोटो रंगरावांचा, म्हणजे इंदुताईंच्या यजमानांचा. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं. पडद्यावर निळा समुद्र पसरलेला, त्यात एक करडी युद्धनौका उभी, आणि नौकेच्या डोक्यावर नाव तरंगत होतं: ‘आटपाडीचा दर्यावर्दी’. रंगराव हा युद्धनौकांचा खेळ इंटरनेटवर खेळायचे, तेव्हा त्यांनी स्वतःच घेतलेलं हे नाव.

खुर्चीशेजारी भगवं उपरणं घेतलेले नवनाथ महाराज डोळे मिटून उभे होते. वर्षभरापूर्वी हेच महाराज डांगे चौकातल्या दुकानात मोबाइलची काच बदलून द्यायचे. ते दुकान अजून होतं, पण आता तिथे त्यांचा मेहुणा किसन बसायचा.

“आत्मा म्हणजे काय?” महाराज म्हणाले. “आत्मा म्हणजे सिम. शरीर म्हणजे हँडसेट. हँडसेट फुटला म्हणून सिम मरतं का?”

“नाही,” सगळे म्हणाले.

“काकांचं सिम चालू आहे. आपण फक्त रेंजमध्ये यायचं. सगळ्यांनी मोबाइल बंद करा. लहरींना अडथळा होतो.” सगळ्यांनी मोबाइल बंद केले. महाराजांचा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, छातीशी, चालूच राहिला. त्यांच्या लहरींना तो चालत असावा. “काका, आलात का?”

कुणीही हात न लावता पडद्यावरचा बाण हलला. नौकेच्या मागे पांढरा फेस उसळला आणि ती चालू लागली. खालच्या चौकटीत एकेक अक्षर उमटलं: ‘आलो. मास्तरीणबाई, चहा झाला का?’

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणीतरी हात जोडून टेबलाच्या पायाला डोकं टेकवलं. इंदुताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची मान अगदी थोडी, हो म्हटल्यासारखी हलली.

मग अण्णासाहेब उठले. ते सोसायटीचे चेअरमन. एका कंपनीतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले आणि अजूनही मॅनेजरसारखेच उठणारे.

“मी आंधळेपणाने काही मानत नाही,” ते म्हणाले. “म्हणून मी मोजलं. पडद्यावर वेग दाखवतायत तीस नॉट. म्हणजे तासाला साधारण पंचावन्न किलोमीटर. नकाशातल्या एका चौकोनाची बाजू चार किलोमीटर आहे, तसं तिथे लिहिलंय. हिशेबाने एक चौकोन ओलांडायला सव्वाचार मिनिटं लागायला हवीत. बरोबर?”

कुणी हिशेब केला नव्हता, पण सगळे बरोबर म्हणाले.

“बघा हं आता.” त्यांनी घड्याळ समोर धरलं. नकाशातला नौकेचा ठिपका चौकोनाच्या एका रेघेवरून निघाला आणि दुसऱ्या रेघेला भिडला. “पन्नास सेकंद. म्हणजे पाचपट वेग. जगातली कुठलीही बोट या वेगाने जात नाही. इंजिन तीसच्या वर दाखवत नाही आणि नौका दीडशेने पळते. वरची ताकद कुणाची, ते तुम्हीच सांगा.”

“आत्मवेग,” महाराज डोळे न उघडता म्हणाले. “विज्ञान तीसपर्यंत पोचतं. पुढचं आमच्याकडे.”

त्या दिवशी आरतीचं ताट हॉलमधून दोनदा फिरलं.

रंगराव आटपाडीचे. त्यांच्या गावात प्यायला पाणी टँकरने यायचं, आणि या माणसाला लहानपणापासून वेड बोटींचं. उभ्या आयुष्यात त्यांनी समुद्र तीनदा पाहिला, तिन्ही वेळा किनाऱ्यावरून. चष्मा लागला म्हणून आरमाराने परत पाठवलं, तेव्हा ते भोसरीच्या एका कारखान्यात लागले. काम माणसांची आणि यंत्रांची कामं मोजायचं. हातात स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभं राहायचं, एक नग व्हायला किती वेळ लागतो ते टिपायचं. कामगार त्यांना वैतागायचे आणि दिवाळीला घरीही यायचे.

इंदुताई महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायच्या. त्या काळी रहाटणीत ज्वारीची रानं होती, आणि कारखान्यांचा भोंगा झाला की अख्खं गाव घड्याळ लावायचं. घर सुखाचं होतं, मूल झालं नाही एवढंच. आणि एक गोष्ट होती, जिच्याविषयी दोघं कधी बोलली नाहीत, कारण या पट्ट्यात ती घरोघरी होती. शाळेला सुट्टी रविवारी. भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी. सबंध नोकरीभर गुरुवारी रंगराव घरात एकटे आणि रविवारी इंदुताई. सुट्टी अशी दोघांना मिळून फारशी लागलीच नाही.

निवृत्त झाल्यावर रंगरावांनी कॉम्प्युटर घेतला आणि हा खेळ सापडला. पण अंगात मुरलेली शिस्त जाते कुठे? बाकीचे दिवस बाजारहाट, बँक, फिरणं. खेळायचं ते गुरुवारी, सकाळचा चहा झाला की. सुट्टीच्या दिवशी. इंदुताई तेव्हा स्वयंपाकघरात असायच्या. हॉलमधून ते काहीबाही सांगत राहायचे, किती नॉट, किती पल्ला, आणि त्या भाजी चिरता चिरता ‘हं’ म्हणायच्या. आता त्या ‘हं’चा त्यांना फार त्रास होई. नीट ऐकायला काय झालं होतं?

रंगराव गेल्यावर तेरा दिवस घर भरलेलं होतं, मग रिकामं झालं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जाई, बेल वाजवत नसे. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं वरच्या आणि खालच्या दाराला गेलं, मधल्याला चुकवून. कधी कधी संध्याकाळी इंदुताईंच्या लक्षात यायचं, की आज आपला आवाज आपणच ऐकलेला नाही.

अशात कॉम्प्युटर बंद पडला. इंदुताई तो वापरत नव्हत्या, पण तो बंद पडलेला त्यांना पाहवेना. रिक्षात घालून डांगे चौकात नेला. दुकानदाराने, म्हणजे नवनाथने, तो दुरुस्त करून घरी आणून जोडून दिला आणि सहज विचारलं, “काका काय करायचे यावर?”

झालं. इतक्या महिन्यांत असं विचारणारा पहिलाच माणूस. इंदुताईंनी चहा टाकला, मग पोहे केले, मग पुन्हा चहा टाकला. आटपाडी, टँकर, तीनदा पाहिलेला समुद्र, ‘मास्तरीणबाई’ ही हाक, सगळं सांगितलं. तो आठवड्यातून दोनदा येऊ लागला, आणि दर खेपेला थोडं थोडं ऐकून गेला. महिन्याभराने तो उपरणं घालून आला आणि म्हणाला, “काकू, रात्री काका स्वप्नात आले होते. म्हणाले, बोट सुरू करून ठेव.”

त्या संध्याकाळी बोट चालली, आणि आठवड्यात घर भरलं.

लोक येताना फुलं आणायचे, इंदुताईंना ‘माई’ म्हणायचे. संक्रांतीला दार चुकवणारी बाई आता त्यांच्या पाया पडायची. घरात पुन्हा मोठ्या पातेल्यात चहा उकळायला लागला. आणि पडद्यावर ती अक्षरं उमटायची: मास्तरीणबाई. ज्याने कधी रिकाम्या घरात कुकर लावलाय, एका माणसापुरता, त्यानेच इंदुताईंना नावं ठेवावीत.

तिसऱ्या मजल्यावर दिपाली भाड्याने राहायची. लातूरकडची, पंचविशीची. तिचा नवरा दीड वर्षापूर्वी कामाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. पोलिसांत तक्रार होती, तपास शून्य. शिवणकामावर ती कसंबसं भागवत होती. मे महिन्यात तिला चाकणच्या एका कंपनीत लाइनवर काम मिळालं. कंपनीची बस काळेवाडी फाट्यावरून घेऊन जाणार, पण कंपनी लांब, म्हणून तिकडेच खोली बघायची असं तिने ठरवलं होतं. जायच्या आधी एकदा विचारावं, म्हणून ती खाली येऊन बसली.

“काका, माझे मिस्टर कुठं आहेत?” तिने फोटोला विचारलं.

महाराजांनी प्रश्न मोठ्याने पुन्हा उच्चारला, छातीवर हात ठेवून. पडद्यावर अक्षरं आली: ‘माझ्याच बोटीवर आहे. येतोय. थांब. घर सोडू नको. त्याने घर ओळखायला पाहिजे.’

दुसऱ्या दिवशी दिपाली जिन्यात भेटली. तिचा चेहरा उजळला होता.

“काकू, नाही म्हणून कळवलं मी कंपनीला. ते म्हणले, महिनाभर जागा ठेवतो, मन बदललं तर या. पण आता कशाला? काकांनी सांगितलंच की.”

“अगं, पण खर्चाचं कसं करणार?”

“हाय की शिलाई. आन् किती दिवसांचा प्रश्न हाय?”

इंदुताई घरात आल्या आणि त्यांनी दार लावलं. रंगरावांनी जिवंतपणी कुणाला ‘थांब’ असं सांगितलं नव्हतं. काम थांबलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. ही भाषा त्यांची नव्हे. पण तसं म्हणायला जीभ वळेना. ही भाषा त्यांची नसेल, तर ‘चहा झाला का’ हीसुद्धा त्यांची नव्हे. एक खरं आणि एक खोटं, अशी वाटणी करून चालणार नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मन्सूर आला. त्याचं थेरगावात, डांगे चौकातच, इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान, नवनाथच्या दुकानाच्या समोर. दर तीन-चार महिन्यांनी तो इंदुताईंच्या बॅटरीत पाणी भरून जाई. घर रिकामं होतं त्या दिवसांत नेमाने येणारा आणि बेल वाजवणारा माणूस तो एवढाच.

“आज कसा काय आलास रे?”

“आज गुरुवार ना मॅडम. आमच्या लाइनवर दोन-तीन महिने केबल बदलायचं काम चाललंय, दर गुरुवारी सकाळी लाइट जाते ती रात्री नऊला येते. दुकानात बसून माशा मारायच्या, त्यापेक्षा घरोघरची कामं करतो.”

“मग समोरच्या नवनाथचंही बंदच असेल.”

“तो काय करणार? त्याची बॅटरी फुगलीय केव्हाची. किती वेळा सांगितलं, भावा, बदल. तर म्हणतो, माझं वरून कनेक्शन आहे.” मन्सूर हसला. मग खुर्चीवरच्या फोटोचा हार बघून ओशाळला. “माफ करा मॅडम. तुमच्याकडे येतात ना ते.”

“भर तू पाणी,” इंदुताई म्हणाल्या.

तो गेला, आणि त्यांच्या डोक्यात घरघर सुरू झाली. महाराजांचा सत्संग रोज असायचा, फक्त गुरुवारी नसायचा. लोक विचारायचे, महाराज, गुरूचा वार गुरुवार, आणि तुमच्याकडे नेमका तोच वर्ज्य कसा? तेव्हा महाराज म्हणायचे, “गुरुवारी काका पाण्याखाली तप करतात.” यावर बायका हात जोडायच्या. इंदुताईंनीही जोडले होते.

पण रंगराव तर गुरुवारीच खेळायचे. फक्त गुरुवारी. त्यांनी नवनाथला सगळं सांगितलं होतं, हे तेवढं सांगायचं राहिलं होतं. सवयीचं कुणी सांगत नाही. आणि नेमकं तेच काकांच्या आत्म्याला माहीत नव्हतं. आपण चहाबरोबर जेवढं वाढलं, तेवढंच तो परत करत होता.

इंदुताईंनी खुर्चीवरचा फोटो उचलून पलंगावर ठेवला आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसल्या. कॉम्प्युटर सुरू केला. कुठली कळ दाबली की बोट पुढे जाते, ते माहीत होतं. त्या ‘हं’मधूनही थोडंफार कानात गेलं होतं म्हणायचं. कळ दाबली. फेस उसळला. आकडा चढत चढत तीसवर थांबला. टेबलाच्या खणात रंगरावांचं स्टॉपवॉच होतं, ते हातात धरलं. एक चौकोन. पन्नास सेकंद.

म्हणजे आत्मवेग त्यांच्या बोटालाही होता. वांगी चिरलेल्या बोटाला.

आणि मग हॉलमधून ऐकलेलं, स्वयंपाकघरात अर्धवट पोचलेलं एक वाक्य त्यांना सबंध आठवलं. “मास्तरीणबाई, या लेकांनी समुद्र आखडलाय बघ. वेग पुस्तकातला लिहितात आणि पळवतात पाचपटीने. खऱ्या वेगाने सोडलं तर दोन बोटी समोरासमोर येईपर्यंत तुझा चहा दोनदा होईल, कोण खेळेल मग?” त्यावर त्या ‘हं’ म्हणाल्या होत्या.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. बाहेर उन्हात कुणी नव्हतं. उद्या पुन्हा चपलांचा ढीग पडेल, पातेलं चढेल, पडद्यावर हाक येईल. एक शब्द बोललं नाही तर हे सगळं राहील. वरच्या मजल्यावर शिलाई मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. दिपाली वाट बघत होती. इंदुताईंना ते थांबणं कानाने ओळखता आलं, कारण त्यांचंही तेच चाललं होतं. पण आपलं वय निघून गेलं, तिचं अजून तिच्या हातात आहे.

त्यांनी अण्णासाहेबांना फोन लावला. “पुढच्या गुरुवारी यांचा वाढदिवस. दुपारी चारला सगळ्यांना बोलवा. आणि महाराजांना तुमच्या गाडीतून घेऊन या. म्हणावं, माईंची इच्छा आहे.”

वाढदिवस खरा होता. पंचांगाने तेवढी मदत केली.

गुरुवारी चारला हॉल भरला. महाराज आले ते तयारी करूनच.

“माई, आज काका तपात आहेत. दर्शन होणार नाही. नामस्मरण करू आणि प्रसाद घेऊ.”

“हरकत नाही,” इंदुताई म्हणाल्या. “पण तुम्हीच सांगता, मोबाइलने लहरी अडतात. आज सगळ्यांचे इथे टेबलावर ठेवू. तुमचाही.”

“माझा कशाला?”

“का, महाराजांच्या मोबाइलला वेगळी रेंज असते का?” मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. महाराजांनी चारचौघांत मोबाइल काढून ठेवला.

इंदुताईंनी खुर्चीवरचा फोटो उचलून दिपालीच्या हातात दिला आणि स्वतः बसल्या. हॉलमध्ये कुजबुज झाली.

“माई, तिथं बसू नका,” अण्णासाहेब म्हणाले.

“माझ्याच घरातली खुर्ची आहे, अण्णासाहेब. हे जिवंतपणी गुरुवारीच खेळायचे. सुट्टी गुरुवारची, तुम्हाला माहीत आहे. तुमचीही तीच होती. गेल्यावर नेमका तोच दिवस कसा सोडला त्यांनी?”

अण्णासाहेब खुर्चीपासून एक पाऊल मागे सरकले.

“ते असो. तुमचं घड्याळ काढा.” इंदुताईंनी कळ दाबली. नौका निघाली. आकडा तीस. ठिपका एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर गेला. “किती?”

“पन्नास,” अण्णासाहेब म्हणाले. आणि घाईने, “म्हणजे काका आता तुमच्या हातातून...”

“थांबा. आता शेजारचं मोजा.”

“शेजारचं म्हणजे?”

“ही बाजूची हिरव्या रंगाची बोट. कुणातरी अनोळखी माणसाची आहे, त्याला आपण माहीतही नाही. तीही तीसच्या जातीची. मोजा. मग समोरची, शत्रूची मोजा.”

अण्णासाहेबांनी मोजलं. पन्नास. शत्रूची जरा हळू होती, तिला साठ लागले. पुन्हा हिशेब केला तेव्हा तीही लिहिलेल्या वेगाच्या पाचपट निघाली.

“मग शत्रूच्या बोटीवरही काकाच आहेत का?” गॅलरीतून एकाने विचारलं.

“खेळ बनवणाऱ्यांनी सगळ्याच बोटी पाचपट पळवल्यात,” इंदुताई म्हणाल्या. “नाहीतर समुद्र ओलांडेपर्यंत माणसं झोपी जातील. हे मला यांनी सांगितलं होतं, मी नीट ऐकलं नव्हतं. अण्णासाहेब, तुमचा हिशेब चुकला नाही, चौथीची पोरं करतात तसा अगदी बरोबर आहे. फक्त तुम्ही एकच बोट मोजलीत.”

“पण दर संध्याकाळी हात न लावता चालते ते काय?” महाराजांचा आवाज चढला. “ते बघितलंय सगळ्यांनी. श्रद्धेला घड्याळ लावू नका, माई.”

तेवढ्यात टेबलावर त्यांचा मोबाइल थरथरू लागला. नाव आलं: किसन दुकान. महाराज पुढे झाले, पण मधे माणसं होती. फोटो छातीशी धरून उभ्या असलेल्या दिपालीने दुसऱ्या हाताने मोबाइल उचलला आणि स्पीकर लावला.

“दाजी, लाइट आली न्हाई अजून,” किसनचा आवाज हॉलभर झाला. “नवाच्या आत काय व्हत न्हाई. तप-बिप सांगून रेटा आजच्या दिस. आन् ती वरच्या मजल्यावरची आली असंल तर उद्या काय लिवायचं तेवढं सांगा. नवरा कुठवर आला म्हनून दाखवू? हॅलो? दाजी?”

दिपालीने फोन बंद केला नाही. ती शांतपणे म्हणाली, “कुठवर आलेत, भाऊ? तुम्हीच सांगा की.”

पलीकडून फोन कट झाला.

अण्णासाहेब वाकून पडद्याच्या कोपऱ्यातलं एक बारीक चिन्ह न्याहाळत होते. त्यांचा चेहरा उतरला. “हा प्रोग्राम आमच्या ऑफिसात होता,” ते हळू म्हणाले. “कॉम्प्युटर बिघडला की आयटीवाली पोरं त्यांच्या जागेवर बसून आमचा माउस हलवायची. दुरून चालवता येतो कॉम्प्युटर. दुरुस्तीला गेला तेव्हाच टाकला असणार.”

एवढंच होतं ते. थेरगावच्या दुकानात किसन, इथे खिशातला चालू फोन, आणि मधे इंटरनेट. प्रश्न फोनवरून जायचा, उत्तर पडद्यावर यायचं, बोट तिकडून चालायची. थेरगावची लाइट गेली की आत्म्याचं तप सुरू व्हायचं.

महाराज चपला शोधत होते. चपलांच्या ढिगात स्वतःच्या चपला सापडायला त्यांना बराच वेळ लागला आणि कुणी मदत केली नाही. इकडे पडद्यावर थांबून राहिलेली ‘आटपाडीचा दर्यावर्दी’ शत्रूच्या तोफांखाली आली आणि सगळ्यांच्या देखत बुडाली. एक म्हातारी चुकचुकली. हॉल हळूहळू रिकामा झाला. पायाशी वाकणारी बाई वाकली नाही, नुसतीच गेली. पातेल्यात पंचवीस माणसांचा चहा तसाच राहिला.

दिपाली तेवढी मागे राहिली. फोटो तिने पुसून टेबलावर ठेवला.

“काकू, तुम्हाला कधी कळलं?”

“मागच्या गुरुवारी.”

“मग आठ दिवस तुम्ही कसे काढले?”

इंदुताईंनी पातेल्यातून दोन कप चहा गाळला. “त्या कंपनीला फोन कर,” त्या म्हणाल्या. “महिना अजून संपलेला नाही.”

त्यालाही आता दिवस झाले. नवनाथने दुकान आवरलं. देहूरोडच्या बाजूला तो घरोघरी कॅमेरे बसवून देतो म्हणतात. लोकांच्या घरात बघायची हौस अशी रीतसर तरी भागत असेल. किसन टेम्पो चालवतो आणि मन्सूरला सिग्नलला दिसला की मान वळवतो. अण्णासाहेब वर्षभर इंदुताईंना जिन्यात टाळत होते. मग एकदा आपण होऊन आले आणि म्हणाले, “शेजारचं मोजायला पाहिजे होतं.” पण आरती फिरवणाऱ्यांतले काही जण अजून सांगतात, की ते ढोंग असेल, तरी त्या बोटीत काहीतरी होतं. त्यांना काय म्हणायचं?

दिपाली चाकणला खोली घेऊन राहते, लाइनवरून आता तपासणीच्या टेबलावर गेली आहे. नवऱ्याचा पत्ता लागलेला नाही. ती वाट बघत नाही असं नाही, पण बसून बघत नाही. सुट्टीला फोन करते. मन्सूर बॅटरीत पाणी भरायला येतो आणि दहा मिनिटं चहाला बसतो.

चमत्कार दाखवणारा भेटला तर भांडू नये, त्याच्या देवाला नावं ठेवू नयेत. एवढंच विचारावं: शेजारचं मोजलंत का? ज्याला अंगारा लावला तो बरा झाला म्हणता, ज्याला लावला नाही त्याचं काय झालं? नवस फळलेल्यांची गर्दी दिसते, न फळलेले घरी बसलेले कुणी मोजले? मोजायला मोठी विद्या लागत नाही. फक्त आपल्याला हवं ते उत्तर येणार नाही, ही तयारी लागते, आणि एकट्या माणसाला ती सगळ्यात महाग पडते.

इंदुताई गुरुवारी सकाळी चहा झाला की खुर्चीत बसतात. लढत नाहीत. बोट काढतात आणि नकाशाच्या कडेकडेने, जिथे तोफा पोचत नाहीत तिथून, नेत राहतात. पहिल्या काही गुरुवारी खालच्या चौकटीकडे नजर जायची. आता जात नाही. तिथे कुणी काही लिहिणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आकडा तीसवर जातो, आखडलेला समुद्र भराभर मागे पडतो, आणि घरात कुणी नसताना त्या मोठ्याने सांगतात, किती नॉट, किती पल्ला. स्वयंपाकघरातून ‘हं’ येत नाही.